सदतिसावा महिना : झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरणास खुले पत्र

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी,
झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, बांद्रे (पूर्व), मुंबई

विषय : घर रिकामं करून भाड्याने राहणाऱ्या झोपडीधारकांचं भाडं, आणि त्यांच्यापर्यंत न पोचणारी प्रकल्पाची खबर

स. न. वि. वि.

तोडकामात झोपड्यांबरोबर वस्तीचा फळाही जातो. मंडळाच्या खोलीबाहेरचा, सार्वजनिक संडासाच्या भिंतीवरचा, कुठे नुसता नाक्यावरच्या दुकानाशेजारचा. पाण्याची वेळ, कमिटीची सभा, कागद तपासायला माणूस कधी येणार, हे सगळं तिथे वाचायला मिळायचं. जागा रिकामी झाली की माणसं दिवा, कळवा, नालासोपारा, मानखुर्द अशी पांगतात. सभेची नोटीस मात्र जुन्याच जागी, आता पत्र्याच्या कुंपणावर चिकटते. नालासोपाऱ्यात राहायला गेलेल्या बाईने ती वाचायची कधी?

झोपडी तोडल्यापासून नव्या इमारतीतलं घर मिळेपर्यंत झोपडीधारकाला बाहेर राहण्याचं भाडं विकासकाने, म्हणजे बिल्डरने, द्यायचं असतं. आम्ही त्या भाड्याचे अर्ज, चेक आणि करारनामे हाताळतो. या कागदांवरून जे दिसतं ते आपल्यापुढे आणि सर्व पुनर्वसन संस्थांच्या कमिट्यांपुढे ठेवतो आहोत. भाडं थकतं ते बिल्डरच्या पैशाअभावी किंवा दानतीअभावी. पण ते थकलेलंच राहतं, कारण वसुलीच्या मुदती टळून जातात. आणि मुदती टळतात, कारण त्या कुणी सांगितलेल्याच नसतात. म्हणून भाड्याची मदत आणि खबर पोचवणं हे एकच काम समजावं, अशी आमची मागणी आहे.

१ ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रक क्र. २१० ने मोठी सोय केली. विकासकाने दोन वर्षांचं भाडं आगाऊ जमा करायचं आणि तिसऱ्या वर्षाचे पुढल्या तारखांचे चेक द्यायचे. महिना १५,००० रुपये भाडं धरलं तर एका घरामागे ३ लाख ६० हजार आगाऊ आणि १ लाख ८० हजारांचे चेक. ५०० झोपड्यांच्या वस्तीला हेच आकडे १८ कोटी आणि ९ कोटी होतात. एवढी रक्कम आधी बाहेर काढायला लागते म्हणून हवेतले बिल्डर थोडे तरी गळतात, आणि ते चांगलंच आहे.

पण हे कवच छत्तीस महिन्यांचं. छत्तीस महिन्यांत पुनर्वसनाची इमारत उभी राहून चावी हातात पडली, असं किती ठिकाणी होतं ते आपल्याकडच्या फायलींनाच विचारावं. जोत्यापर्यंत बांधकाम येतं, मग सुधारित मंजुरी, मग शेजारच्या भूखंडाचा वाद, मग पैसा उभा करणारी संस्था बदलते. सदतिसाव्या महिन्यात आगाऊ रक्कम संपलेली असते, चेक संपलेले असतात आणि नवे चेक कुणी, कधी, कुठे वाटायचे याची खबर कुणालाच नसते. थकबाकीची सुरुवात इथे होते. म्हणून तिसाव्या महिन्यातच पुढच्या वर्षाच्या रकमेची मागणी विकासकाकडे जावी आणि ती गेली हे प्रत्येक घराला लेखी कळावं. सहा महिने हाताशी असले तर कुटुंब शाळेचा, घराचा, कर्जाचा विचार करू शकतं. छत्तिसाव्या महिन्याच्या अखेरीला कळलं तर सावकाराकडे जाण्यापलीकडे काही उरत नाही.

दुसरी भानगड वाढीची. घरमालक अकरा महिन्यांचा करार संपला की भाडं चढवतो. दहा टक्के वाढ धरली तर पंधरा हजारांचं घर दुसऱ्या वर्षी साडेसोळा हजारांना आणि तिसऱ्या वर्षी १८,१५० ला पडतं. विकासकाशी झालेल्या करारनाम्यात वाढीचं कलम नसेल तर तिसऱ्या वर्षी दरमहा ३,१५० रुपये घरातून भरायचे. करारनाम्याच्या नमुन्यातच वार्षिक वाढ, सामान हलवण्याचा खर्च आणि दलाली या तीन ओळी छापील असाव्यात. हाताने भरायच्या रिकाम्या जागा सोडल्या की त्या रिकाम्याच राहतात.

आता चेक. सर्वांत जास्त पैसा इथे बुडतो.

चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो बँकेत भरला नाही तर तो कागदाचा तुकडा होतो. बिल्डरच्या ऑफिसातून फोन येतो : या महिन्याचा चेक टाकू नका, खात्यात पैसे टाकतो. माणूस विश्वास ठेवतो. दोन महिने जातात, पैसे येत नाहीत, आणि चेक भरायचं लक्षात येईतो तीन महिने उलटलेले असतात. शिळा चेक वटला नाही तर त्यावर परक्राम्य संलेख अधिनियमाच्या (निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अॅक्ट) कलम १३८ खाली काहीच करता येत नाही. उलट चेक वेळेत भरला आणि तो परत आला, तर हातात एक भक्कम हत्यार येतं. बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत विकासकाला लेखी नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यापासून त्याला १५ दिवस. तेवढ्यात पैसे आले नाहीत तर त्यानंतर एका महिन्याच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार. या तीन मुदतींपैकी एक चुकली की प्रकरण अडतं. नोटीस स्पीड पोस्टाने पाठवावी, पोचपावती आणि मेमोची मूळ प्रत जपावी, आणि नोटिशीत चेक क्रमांक, तारीख, रक्कम, बँक हे चारही लिहावं. ‘माझे भाडे द्या’ एवढंच लिहिलेल्या नोटिशी आम्ही ढिगाने पाहतो. त्या कोर्टात टिकत नाहीत. फोनवर ‘टाकू नका’ म्हणणाऱ्याला एकच उत्तर द्यायचं : तेच लेखी पाठवा.

प्राधिकरणाने चेक वाटपाच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात चेकबरोबर अर्ध्या पानाचा कागद द्यावा, वर या मुदती लिहिलेल्या. खर्च कागदाचा.

चेक कुणाच्या नावाने, हा प्रश्न त्याहून खोल आहे. विकास नियंत्रण नियमावलीच्या ३३(१०) मध्ये स्पष्ट म्हटलं आहे की वैयक्तिक करारनामा झोपडीधारक आणि त्याच्या जोडीदाराच्या संयुक्त नावाने व्हावा. घर दोघांचं. मग भाडं एकट्याच्या नावाने का? परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे ज्याला वस्तीत सगळे ‘अनेक्चर टू’ म्हणतात त्या पात्र झोपडीधारकांच्या यादीत, जे पहिलं नाव असतं त्याच नावाने चेक फाडण्याची सवय पडली आहे. नवरा गावी निघून गेला, आजारी पडला किंवा दारूत बुडाला, की चेक येऊनही चूल बंद. याला कायद्याची बाजूही आहे. कलम १३८ खाली तक्रार करण्याचा हक्क चेक ज्याच्या नावाने आहे त्याचा. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. पुरुषाला मात्र उत्पन्न दाखवून किंवा दुसऱ्या एखाद्या निकषात बसून तो मिळवावा लागतो. म्हणजे भाडं बाईच्या किंवा दोघांच्या नावाने आलं तर चेक परत आल्यावर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून वकील फुकट मिळू शकतो, आणि एकट्या नवऱ्याच्या नावाने आलं तर तीच बाई कोर्टाच्या दाराशी परकी ठरते.

संयुक्त नावाच्या चेकला संयुक्त खातं लागतं. इथे एक खड्डा आहे. पूर्ण कागदपत्रांशिवाय उघडलेल्या ‘लहान’ बचत खात्यात वर्षभरात एक लाखाच्या वर रक्कम जमा होऊ शकत नाही आणि शिल्लक पन्नास हजारांवर जाऊ शकत नाही. दोन वर्षांचं भाडं अशा खात्यात एकदम टाकायला गेलं की ते परत फिरतं किंवा अडकतं, आणि बँकेतला माणूस कारण न सांगता ‘उद्या या’ म्हणतो. जागा रिकामी करण्याच्या नोटिशीबरोबरच खात्याची केवायसी पूर्ण करायला सांगावं. खात्यावरचं नाव, आधारवरचं नाव आणि परिशिष्ट-२ मधलं नाव यांचं स्पेलिंग तेव्हाच ताडून घ्यावं. शेख आणि शेक, जैस्वाल आणि जयस्वाल एवढ्या फरकावर भाडी अडतात. यादी मराठीत, चेक इंग्रजीत, आणि मध्ये टंकलेखक.

मृत्यू झाला तर भाडं थांबतं, आणि ते थांबवणं चूक आहे. करारनामा संयुक्त आहे, म्हणजे जिवंत जोडीदाराचा हक्क करारनाम्यातच लिहिलेला आहे. वारसाचा तंटा घर कुणाच्या नावावर व्हावं याचा असू शकतो. दर महिन्याला जगायला लागणाऱ्या भाड्याचा तो असायचं कारण नाही. मृत्यूचा दाखला, करारनाम्याची प्रत आणि जोडीदाराचं साधं प्रतिज्ञापत्र एवढ्यावर भाडं चालू राहावं, आणि नावबदलाची प्रक्रिया मागून आपल्या गतीने चालावी. दोघेही गेले असतील तर इतर वारसांची ना-हरकत लागणार, हे समजतं. पण तोवर ती रक्कम विकासकाच्या खिशात न राहता प्राधिकरणाकडे जमा होत राहिली पाहिजे. न्यायालयातून वारसा प्रमाणपत्र आणायला वेळ आणि वकिलाची फी दोन्ही लागतात. सहा महिन्यांच्या भाड्यासाठी तेवढ्याच रकमेचा वकील लावायला सांगणं म्हणजे नाही म्हणण्याचाच एक प्रकार.

थोडं घरमालकाकडच्या बाजूबद्दल, कारण भाड्याची मदत म्हणजे फक्त पैसे नव्हेत. पांगलेली कुटुंबं बहुतेक तोंडी बोलीवर किंवा नुसत्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून राहतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असायला हवा आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. वाद झाल्यास अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरून चाललं जातं. हे कलम भाडेकरूच्या बाजूचं आहे आणि भाडेकरूलाच ते माहीत नसतं.

नोंदणी महाग असते, असा समज पक्का बसलेला आहे. हिशेब करून पाहू. भाडं १५,०००, मुदत ११ महिने, डिपॉझिट ५०,०००. एकूण भाडं १,६५,०००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के दराने अकरा महिन्यांचं ४,५८३. बेरीज १,६९,५८३, तिच्यावर पाव टक्का म्हणजे सव्वाचारशेच्या आसपास मुद्रांक शुल्क. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,००० रुपये. बाकी जे काही जातं ते घरी येऊन अंगठे घेणाऱ्या एजंटाचं. या एका कागदाने काय काय होतं पाहा : आधारवरचा पत्ता बदलतो, आणि आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के प्रवेशासाठी राहण्याचा पुरावा म्हणून तो चालतो. नोटरी केलेला करार तिथे चालत नाही, आणि अर्ज भरण्याच्या आधीच नोंदणी झालेली असावी लागते. जानेवारीत अर्ज भरून मग मार्चमधल्या तारखेचा करार आणणाऱ्या पालकांचा प्रवेश जातो, मुलाचं एक वर्ष जातं.

रेशनसाठी मात्र कार्डाचा पत्ता बदलायची घाई नको. आधार जोडलेलं असेल तर कुठल्याही रास्त भाव दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. दुकानदार ‘तुमचं कार्ड इथलं नाही’ म्हणाला तर तो चुकीचं सांगतो आहे, हे फलकावर ठळक अक्षरात लिहायला हवं.

‘हेवी डिपॉझिट’चा सापळाही सांगायला हवा. दोन वर्षांचं भाडं एकरकमी हातात आलं की दलाल सुचवतो : तीन लाख डिपॉझिट दे, भाडं शून्य. घर गहाण असतं, किंवा घरमालकाने त्याच घरावर आणखी एकाकडून डिपॉझिट घेतलेलं असतं, किंवा देणारा स्वतःच भाडेकरू असतो. आगाऊ रक्कम एकदम हातात देण्यापेक्षा ती प्राधिकरणाकडे ठेवून दरमहा खात्यात सोडावी, असं आमच्यातल्या काहींचं मत आहे. यावर आमच्यातच दुमत आहे. डिपॉझिट भरायला सुरुवातीला चार-पाच महिन्यांची रक्कम एकदम लागतेच, म्हणून पहिले सहा महिने एकरकमी आणि पुढचं दरमहा, हा मधला मार्ग.

आता फलकाविषयी. आपण म्हणाल, आजकाल व्हॉट्सअॅप आहे. आहे, आणि तिथे अफवाच जास्त असते. कुणीतरी तीन मिनिटांचा ऑडिओ टाकतो, तो चार ग्रुपांतून फिरतो, तारीख कुणालाच कळत नाही, आणि सहा महिन्यांनी तोच ऑडिओ नवी खबर म्हणून परत येतो. कमिटीच्या विरोधात बोललेल्याला ग्रुपातून काढलं जातं, मग त्याला सभेचीही नोटीस मिळत नाही. ग्रुप असावा, पण त्यात जाणारा मजकूर सहीचा आणि तारखेचा असावा, आणि तोच कागद तीन ठिकाणी लागावा : प्रकल्पाच्या जागी, संस्थेच्या कार्यालयात, आणि जिथे वस्तीतली पंचवीसहून जास्त घरं एकत्र राहतात त्या भागातल्या एखाद्या दुकानावर. नमुना असा :

‘दिनांक … चे पत्रक. पुनर्वसन इमारत : पाचव्या मजल्याचा स्लॅब पूर्ण. भाडं : जुलैपर्यंत ४१२ घरांना मिळालं, ३८ बाकी, बाकी असलेल्यांचे झोपडी क्रमांक खाली. चेक वाटप : रविवार … सकाळी १० ते ४, सोबत आधार आणि ताबा पावती. शेवटची तारीख … नंतर चेक प्राधिकरणाच्या सहकार विभागात मिळतील. पुढचं पत्रक : …’

शेवटची ओळ विसरू नये. पुढचं पत्रक कधी येणार हे माहीत असलं की ते आलं नाही तेव्हा माणसाला कळतं की काहीतरी बिनसलं आहे. नावांऐवजी झोपडी क्रमांक लिहावेत. थकबाकीच्या यादीत नाव झळकलं की लोक यादीच फाडतात. मराठीबरोबर वस्तीत जी भाषा चालते तीही हवी, हिंदी, उर्दू, धारावीत तमिळ. अक्षरं लांबून वाचता यावीत एवढी मोठी.

कमिट्यांनाही दोन शब्द. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत आणि चौदा दिवसांची पूर्ण नोटीस देऊन घ्यायची असते. ती सभासदाच्या सध्याच्या पत्त्यावर गेली पाहिजे, आणि पांगण्याच्या दिवशीच पत्त्यांची वही भरून घेतली नाही तर पुढे ती कधीच भरली जात नाही. सभा रविवारी ठेवताना मध्य आणि पश्चिम रेल्वेचा मेगाब्लॉक बघावा. विरार किंवा बदलापूरहून निघालेला माणूस दोन वाजता पोचतो, तोवर ठराव मंजूर होऊन चहा संपलेला असतो. अर्थात काही कमिट्यांना तेच हवं असतं.

माहिती न दिल्यास लोक माहितीच्या अधिकाराकडे वळतील, आणि वळावंच. दहा रुपयांचा अर्ज, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्जात ‘आमच्या भाड्याचे काय झाले’ असं न विचारता ‘अमुक प्रकल्पात विकासकाने आगाऊ भाड्यापोटी जमा केलेली रक्कम, तारीख, आणि आजवर वितरित झालेली रक्कम’ असं विचारलं तर उत्तर आकड्यांत येतं. त्याच जागेवर विकासक बाजारात विकायला बांधतो त्या इमारतीचा प्रकल्प महारेराकडे, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाकडे, नोंदलेला असतो आणि विकासकाला तिथे दर तीन महिन्यांनी प्रगती भरावी लागते. पुनर्वसनाची इमारत जोत्यावर आणि विक्रीची अठराव्या मजल्यावर, हे तिथल्या नोंदींवरून सहज उघड होतं. आपल्या अभियंत्यांनीही ते तिमाहीला एकदा बघावं.

विकासकच अकार्यक्षम ठरला तर त्याला काढायला झोपडपट्टी कायद्याचं कलम १३(२) आहे. बोरिवलीच्या हरिहर कृपा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ रोजी विकासकाला काढण्याचा निर्णय कायम ठेवला आणि झोपडपट्टी कायद्याच्या अंमलबजावणीची तपासणी करायला मुंबई उच्च न्यायालयाला सांगितलं. ती योजना २००३ पासूनची होती. कलम आहे, निकालही आहे. नाही ती मधल्या काळाची तरतूद. जुना विकासक काढला, नवा अजून आला नाही, आणि या दोन-तीन वर्षांत भाडं कुणाचं? १३(२) चा आदेश काढताना त्यातच लिहावं की मधल्या काळाचं भाडं जमा रकमेतून किंवा प्राधिकरणाच्या निधीतून दरमहा जाईल आणि नव्या विकासकाकडून वसूल होईल. नव्या विकासकाने थकबाकी भरायची, असं आदेशात असलं तरी तो येईपर्यंत घरमालक थांबत नाही.

एक वर्ग या सगळ्यातून बाहेरच राहतो : झोपडीतले भाडोत्री. मालकाला भाडं मिळतं, त्याच्या माळ्यावर दहा वर्षं राहिलेल्या कुटुंबाला तोडकामाच्या दिवशी काही मिळत नाही, नोटीसही त्यांच्या नावाने नसते. पात्रतेचा नियम बदला असं आम्ही इथे म्हणत नाही, तो मोठा विषय आहे. पण पंधरा दिवस आधी त्यांना लेखी कळवणं, शाळेचा दाखला आणि रेशनची वाट समजावून सांगणारा एक माणूस वस्तीत बसवणं, याला कायदा बदलावा लागत नाही.

टीडीएसचं, म्हणजे पैसे देतानाच कापल्या जाणाऱ्या प्राप्तिकराचं, राहिलं. काही ठिकाणी या भाड्यातून, ज्याला संक्रमण भाडं म्हणतात, टीडीएस कापला जातो. एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असं भाडं करपात्र उत्पन्न नाही आणि त्यावर टीडीएस लागत नाही असं म्हटलं आहे. ही ओळ विकासकांना पाठवायच्या पुढच्या परिपत्रकात घालावी.

या पत्राचं उत्तर आम्हाला टपालाने नको. ज्या प्रकल्पांचा तिसावा महिना या तिमाहीत येतो त्यांची यादी आपण जाहीर करावी, आणि त्या त्या प्रकल्पाच्या कुंपणावर, संस्थेच्या कार्यालयात आणि लोक आज जिथे राहतात तिथे, पुढच्या वर्षाचं भाडं जमा झालं की नाही एवढं एका ओळीत लावावं.

कळावे,

झोपडीधारकांची भाड्याची कागदपत्रं हाताळणारे कार्यकर्ते,
मुंबई